दिवाळीत फुललेला गुलाब

माझ्या आईचा गुलाब दिवाळीत फुलत नाही. तो फुलतो फक्त फागुन-चैतात, पंधरा-वीस दिवस. मग वर्षभर नुसतं काटेरी झुडूप होऊन बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर ओढतो. फूल म्हणाल तर फार देखणंही नाही. फिकट गुलाबी, पाकळ्या नको इतक्या भरलेल्या, चुरगळलेल्या रुमालासारखं. पण वास असा की अंगणात एक फूल उमललं तर स्वयंपाकघरात फोडणी देताना कळतं.

अचलपूरला आमच्या अंगणात तो होता. आई त्याला चैती म्हणायची. लग्नानंतर तिनं मला त्याचा मुळासकट फुटवा दिला, आणि कुंडीच्या भोकावर खापरीऐवजी निळ्या वेलीच्या फुटक्या बशीचा तुकडा ठेवला. ती बशी माझ्याच हातून फुटली होती. "घेऊन जाय, तुह्याच पराक्रम आहे," म्हणाली. पुढे आई गेली. भावानं गाडी ठेवायला अंगणात पेव्हर ब्लॉक टाकले. म्हणजे त्या गुलाबाचं जे काही उरलं ते माझ्या अकोल्यातल्या, जठारपेठेतल्या अंगणात, विहिरीच्या काठाला, एका मातीच्या कुंडीत.

आईचा एक रिवाज होता. रोप मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नाही. पण मागणारीनं रिकाम्या हातानं यायचं नाही, आपल्या अंगणातली मूठभर माती आणायची. आई ती माती चिमटीत चोळून पाहायची, आणि मगच काय द्यायचं ते ठरवायची. मी अकोल्यात आमच्या बागवाल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना फार आवडलं. दर फागुनात आमची रोपांची देवाणघेवाण होते, तिथे आता प्रत्येकजण रुमालात माती बांधून आणते.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी सहापासून फुलांचे फोटो. कुणाची पिटुनिया, कुणाचा डेलिया, कुणाची ती मेली तरी फुलणारी सदाफुली. पिटुनियाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. आपल्याकडे होळीनंतर ऊन असं तापतं की ती आठ दिवसांत लोळण घेते, आणि बायका ग्रुपवर रडतात, ताई काय करू. अवो, लावली कावून मग? अकोल्यात राहायचं तर बोगनवेल लावा, अडेनियम लावा, नाहीतर हिरवी नेट बांधा आणि देवाचं नाव घ्या. असं मी लिहिते, म्हणून ग्रुपवर मला जरा वचकून असतात.

ग्रुपची ॲडमिन माझ्याच वयाची. मूर्तिजापूर रोडला नव्या लेआउटमध्ये मोठं घर, गच्चीभर कुंड्या, बोलायला गोड. फक्त तिच्या बोअरचं पाणी खारं. खारपाणपट्ट्याचं पाणी कसं असतं ते इकडच्यांना सांगायला नको. कुंडीच्या काठाला पांढरा थर चढतो, पानांच्या कडा जळतात, आणि गुलाबाचं तर कामच तमाम होतं. माझ्या चैतीच्या काड्या तिनं तीनदा नेल्या. तिन्हीदा माती आणली, तिन्हीदा मी दिल्या, तिन्हीदा वाळल्या. त्या गुलाबाची काडी तशीही सहजी लागत नाही. मी स्वतः लावलेल्याही जगल्या नाहीत. मुळासकट फुटवा फुटला तरच, आणि तो वर्षानुवर्षं फुटतच नव्हता.

आता आमच्या उन्हाळ्याची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या बाईला एप्रिल-मे मध्ये गाव सोडायचं असेल तिनं कुंड्या दुसरीकडे पोचवायच्या. याला आम्ही कुंड्या माहेरी पाठवणं म्हणतो. चार दिवस पाणी नाही मिळालं तर इथे काय उरतं? मी त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला चालले होते, चांगले तीन-चार महिने. आमचे हे माझ्यासोबतच. घराला कुलूप. कुंड्या पाच जणींत वाटल्या. चैतीचं मात्र माझं ठरत नव्हतं.

ॲडमिनबाई स्वतःहून घरी आली. "गुलाब माह्याकडे द्या ताई."

"तुमचं पाणी खारं आहे," मी तोंडावर म्हटलं.

"बोअरचं कावून टाकीन? आमी पितो ते जारचं पाणी टाकतो ना त्याले. लेकरावानी सांभाळीन."

मी दिला. आषाढात परत आले, तिनं कुंडी आणून ठेवली. माझीच कुंडी, आईच्या वेळची, काठाला टवका उडालेली. आतलं झाड छाटलेलं. "लय पसरला होता, म्हनून छाटला," म्हणाली. छाटलेला गुलाब म्हणजे चार काड्या. त्यावर कोणता गुलाब ते कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. शिवाय नातू घरी आलेला, माझी झोप उडालेली. मी तिला करंज्यांचा डबा दिला आणि वरून आभार मानले.

दिवाळीत त्या झाडाला फूल आलं.

नरकचतुर्दशीच्या सकाळी रांगोळी काढायला अंगणात गेले तर गर्द गुलाबी, टोकदार कळीचं, नर्सरीत रांगेनं ठेवतात तसलं फूल. जवळ गेले, वास घेतला. वास होता, पण अगरबत्तीसारखा, नाकापुरता. मी तिथेच रांगोळीचा डबा घेऊन बसले. आमचे हे बाहेर आले, त्यांना सगळे गुलाब सारखेच, म्हणाले, "अरे वा, आईचा गुलाब दिवाळीलेच फुलला." त्यांनी फोटो काढला आणि माझ्या आधी ग्रुपवर टाकला. चैतीचा फोटो मी कधी ग्रुपवर टाकलाच नव्हता, त्यामुळे पंधरा बायकांनी हात जोडले, फुलं पाठवली. ताई, आईचा आशीर्वाद आहे. सगळ्यात पहिला निरोप तिचा होता. लक्ष्मीच्या पावलानं आला वो ताई.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती मला त्या दिवशी कळली. मी दात-ओठ खात दिवसभर फराळाची ताटं भरली.

भांडू शकले असते. तिच्या घरी जाऊन चार शिव्या घालू शकले असते. पण मी तिला ओळखत होते. ती रडली असती. म्हणाली असती, ताई, तुमचं रोप मेलं, तुमाले दुःख होईन म्हनून दुसरं लावलं. आणि ग्रुपच्या बायकांनी तिलाच जवळ घेतलं असतं. आणि माझा गुलाब पुन्हा कधी डोळ्यांना दिसला नसता. मला माफी नको होती, गुलाब हवा होता. आणि खरं सांगायचं तर नुसता गुलाबही नको होता. त्या सकाळी रांगोळीचा डबा घेऊन मी जशी बसले, तशी ती बसलेली मला पाहायची होती.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, हो ना, आईचीच कृपा.

फागुनात तिनं फोटो टाकला. तोच फिकट गुलाबी, चुरगळलेला. मी अंगणातून उठून घरात आले आणि चष्मा लावून पुन्हा पाहिला. खाली लिहिलं होतं, नवा पाहुणा, अमरावतीच्या नर्सरीतून. हिंमत पाहा बाईची. दुसऱ्याच दिवशी गारपीट झाली, अर्ध्या अकोल्याच्या नेट फाटल्या, आमच्या आंब्याचा मोहर भुईवर आला. आणि मी मोहर झाडत विचार करत होते की तिच्या गच्चीवर माझ्या चैतीवर कुणी काही झाकलं असेल का. संध्याकाळी तिचा निरोप आला, पाहुणा वाचला, मी त्याच्यावर टोपलं घातलं होतं. मला हायसं वाटलं, आणि तिचंच बरं चिंतल्यासारखं वाटून आणखी राग आला.

त्या दिवसापासून मी गोड झाले. इतकी गोड की आमचे हे म्हणाले, तब्येत बरी नाही का तुझी. तिच्या प्रत्येक फोटोखाली पहिली वा माझी. वा ताई, तुमच्या हाताला गुण आहे. वा ताई, काय रंग. तिच्या पिटुनियालाही वा म्हटलं, आता बोला. तिला वाटलं की मला काही कळलेलं नाही, ही बाई भैताड आहे. हेच मला हवं होतं. आणि घरच्या त्या तोतया गुलाबाला, ज्याला उपटून विहिरीत टाकावंसं वाटे, त्याला मी शेणखत घातलं, निंबोळीचं पाणी फवारलं. परत द्यायचा होता ना तो, धष्टपुष्ट असलेला बरा.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. लेकाकडे पुण्याला जायचं आहे, दोन महिने. कुंड्या कुठे पाठवू? पूर्ण ग्रुपमध्ये गोड पाण्याची विहीर माझ्याकडेच. मी म्हटलं, "विचारता काय ताई, तुमचं माहेरच आहे हे."

टेम्पोतून कुंड्या उतरल्या. बाकी सगळ्यांच्या मधोमध एक गुलाब, वीतभर ठेवून छाटलेला. छाटला की ओळखू येत नाही, हा तिचा हिशेब पहिल्यांदा जमला होता, म्हणून तिनं पुन्हा तोच केला. "हा तो अमरावतीवाला," ती डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. "याले उलीसं जपा."

"लेकरावानी जपीन," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी खाली बसून कुंड्या पाहिल्या. सगळ्यांच्या काठांना खाराचा पांढरा थर. एकाच कुंडीला नव्हता. त्या कुंडीची माती काळीभोर, मऊ, चिमटीत घेतली तर आईनं पसंत केली असती अशी. खोडाला नवे लालसर कोंब. माझ्याकडे इतक्या वर्षांत तो असा कधी दिसला नव्हता. म्हणजे ती खरंच वर्षभर त्याला पिण्याचं पाणी घालत होती. माझा हात थोडा थांबला. पण मग मी स्वतःला म्हटलं, पळवून नेलेल्या लेकराला दूध पाजलं म्हणून पळवून नेणं माफ होत नाही.

घाई केली नाही. वैशाखाच्या उन्हात गुलाबाचं मूळ उघडं करायचं नसतं. मृग लागायची वाट पाहिली. एका ढगाळ सकाळी दोन्ही गुलाब अंगणात घेतले आणि तिची कुंडी हळूच उलटी केली. मातीचा गोळा हातात आला, आणि त्याच्या बुडाशी मुळांच्या जाळ्यात बशीचा निळा तुकडा. तिनं काढायचा प्रयत्न केला असेल, मुळांनी सोडला नसेल. मी त्या तुकड्यावरची माती अंगठ्यानं पुसली आणि तिथेच बसून रडले. आमचे हे चहा घेऊन आले, त्यांना काही समजेना. तेव्हा कुठे मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागाने लाल झाले, आत्ताच फोन लाव म्हणाले. मी म्हटलं, फोन नाही लावायचा, तुम्ही फक्त ती कैची द्या.

तोतयाला तिच्या कुंडीत लावलं, वीतभर ठेवून छाटलं, तिनं छाटला होता तसाच. चैती आईच्या कुंडीत गेला, बशीच्या तुकड्यासकट.

जुलैत ती कुंड्या न्यायला आली. गुलाबाभोवती फिरली, कोंब पाहिले. "मस्त ठेवला वो ताई."

"तुमी माह्या ठेवला होता, तस्साच ठेवला," मी म्हटलं.

ती एक सेकंद माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली आणि टेम्पोवाल्याला सांभाळून ठेव म्हणाली.

आता उरली दिवाळी. लेकीच्या बाळंतपणाचीही पाहिली नसेल इतकी मी त्या दिवाळीची वाट पाहिली. धनत्रयोदशी गेली, पाडवा गेला, ग्रुपवर सगळ्यांच्या झेंडूचे फोटो आले, शेवंतीचे आले. ॲडमिनबाईचा एकही फोटो नाही. रोज सकाळी सहा वाजता सुप्रभात टाकणारी बाई गप्प. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचं ताट घेतलं आणि रिक्षा करून तिच्या घरी गेले.

गच्चीवर नव्हता गुलाब. मी न विचारताच मागच्या अंगणात गेले. धुण्याच्या दगडाआड कुंडी ढकलून ठेवली होती. दोन फुलं होती, गर्द गुलाबी, टोकदार. ती माझ्या मागोमाग आली आणि ओल्या हातानं तशीच उभी राहिली.

"फुलला वाटतं," मी म्हटलं.

"हो."

"माह्याही फुलला होता मागच्या दिवाळीले. लक्ष्मीच्या पावलानं आला म्हनले होते तुमी."

बोलणार तरी काय? माझा गुलाब बदलला म्हणावं, तर आपला कोणता होता ते सांगावं लागलं असतं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती दगडावर बसली. मला जे पाहायचं होतं ते मी पूर्ण पाहिलं, अगदी पोटभर. मग ती उठून आत गेली आणि चहा करून आणला. त्यात साखर टाकायची विसरली होती. मी तो फिका चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. असा गोड चहा मी आजवर प्यायले नाही.

वाटलं होतं, इथे संपलं.

या फागुनात चैती असा फुलला की विचारू नका. जारच्या पाण्याचा गुण असेल, मान्य करते. आणि बुडाशी, इतक्या वर्षांनी, एक फुटवा आला. टवटवीत, स्वतःची मुळं घेऊन. रोपांची देवाणघेवाण यंदा माझ्याकडे ठेवा, असं मी मुद्दामच ग्रुपवर सुचवलं. सगळ्या आल्या. विहिरीजवळ सतरंजी घातली, पन्हं केलं. ज्या त्या बाईनं आपापली माती सोडली, काड्या, कंद, बिया घेतल्या. सगळ्या चैतीपाशी जाऊन वास घेऊन आल्या. ती येणार नाही असं मला वाटलं होतं. ती शेवटी आली.

चपला काढून ती सरळ माझ्यासमोर बसली आणि रुमालाची गाठ सोडली. आत माती. काळी, मऊ, खाराचा एक कण नाही. चैती वर्षभर वाढला त्या कुंडीतलीच असणार. तिनं ती माझ्यापुढे ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तो फुटवा द्या मले."

बायका कौतुकानं पाहू लागल्या. आमचा रिवाज असा भर अंगणात, रीतसर, कुणी बसून पाळला की आम्हाला सगळ्यांनाच भरून येतं. एकजण तर फोटो काढायला उठली. मी माती चिमटीत घेतली, चोळली. चांगली होती. आईनं पाहिली असती तर फुटवा काढायला खुरपं मागितलं असतं.

ती पुढे वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "म्या त्याले जारचं पानी पाजलं वो. कधी कधी घरात कमी पडलं, पन त्याले पाजलं."

"माईत आहे मले," मी म्हटलं.

"मंग?"

मी तिची माती तिच्याच रुमालात परत ओतली, चारी टोकं एकत्र केली, गाठ मारली आणि रुमाल तिच्या हातात दिला.

"नाही," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कुणीतरी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. त्यांच्यापैकी एकीलाही काही माहीत नाही, अजूनही नाही. त्यांना दिसलं ते इतकंच की माझ्याच आईचा रिवाज मीच मोडला आणि एका सभ्य बाईला भर बैठकीत रिकाम्या हातानं वाटेला लावलं. ग्रुपवर त्यानंतर माझ्या फोटोंना वा कमी येते. एका बाईनं घरी येऊन समजावलंही, की ताई, रोपानं काय होते, देऊन टाकायचं होतं. मी तिला चहा पाजला आणि काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती चोरी सगळ्यांची झाली असती, मग सगळ्यांनी मिळून तिला माफ केलं असतं. मला ती आमच्या दोघींतच हवी होती.

ती मात्र त्या दिवशी रुमाल घेऊन उठली, चपला घातल्या आणि फाटकाशी थांबून एकदा मागे चैतीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं.

माझ्या आईनं उभ्या जन्मात रोप मागणाऱ्या बाईला नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, आणि म्हणताना जिभेला जराही जड गेलं नाही.